उशाशीं बसणाऱ्यांचें दुखणें

घरांतील एखादें माणूस इस्पितळांत दाखल झालें म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें एकच प्रश्न तोंडोतोंडीं फिरत असतो : "आजाऱ्याचें आतां कसें आहे?" प्रश्न चांगला आहे, व विचारणारांचें मनहि चांगलें आहे. परंतु ज्या बाईला तो रस्त्यांत, नळावर, मंदिराच्या दारांत दहा वेळां विचारला जातो, ती स्वतः कशी आहे हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. तिच्या डोळ्यांखालीं काळें पडलें आहे, पाय सुजले आहेत, गेल्या आठ दिवसांत ती सलग दोन तास निजलेली नाहीं. तरी ती आजारी नव्हे, म्हणून तिच्याविषयीं विचारण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटतच नाहीं. आजच्या पाठाचा विषय तीच आहे. आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी ह्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. शुश्रूषा करणाराचें काय होतें, आणि एकाच माणसाला पुनःपुन्हां इस्पितळांत न्यावें लागलें म्हणजे घरच्यांच्या देहाची व मनाची कशी झीज होते, हेंहि उपदेशकबंधूंनीं नीट समजून घेतलें पाहिजे. आम्हीं तें फार उशिरां समजून घेतलें, हें आरंभींच कबूल करतों.

आमच्या देखरेखीखालील एका गांवीं साठ वर्षांचे एक गृहस्थ राहतात. त्यांचें हृदय दुर्बळ झालें आहे. अशा दुखण्यांत हृदयाला रक्त पुढें ढकलण्याचें काम नीट झेपत नाहीं. मग अंगांत पाणी सांठतें, पाय सुजतात, आणि आडवें होतांच दम लागतो. औषधानें पाणी उतरतें, माणूस घरीं येतो, आणि कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तेंच. एका वर्षांत त्यांस चार वेळां इस्पितळांत ठेवावें लागलें. पहिल्या खेपेस, पेरणीच्या दिवसांत, त्यांच्याबरोबर जीप भरून आठ माणसें गेलीं. मंडळींत खास प्रार्थना झाली, डब्यांची रांग लागली. दुसऱ्या खेपेस, दिवाळीच्या सुमारास, मुलगा व सून गेलीं. तिसऱ्या खेपेस मुलाला कारखान्यांतून रजा मिळेना. एक पुतण्या दोन दिवस राहून परत आला. चौथ्या खेपेस रात्रीं दोन वाजतां १०८ क्रमांकाची गाडी आली, तींत नवऱ्याबरोबर त्यांची बायको एकटीच चढली. हातांत एक पिशवी, आणि तींत मागील कागदांचें बाड, एक चादर व दोन भाकरी. दुखणें तेंच होतें, किंबहुना वाढलेलें होतें. माणसें मात्र आठांवरून एकावर आलीं होतीं. ह्यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. पहिल्या दुखण्याची बातमी होते, चौथ्याची संवय होते. पण ही संवय पाहणारांस होते, उशाशीं बसणारीस होत नाहीं.

इस्पितळांत ती अकरा दिवस होती. आम्ही खेड्यांतील माणसें अशा दिवसांविषयीं "दवाखान्यांत बसून होती" असें म्हणतों. बसणें कोठें असतें? सकाळीं डॉक्टरांची फेरी होण्यापूर्वीं आजाऱ्याचें तोंड धुऊन, लघवीचें भांडें उचलून, खाट नीटनेटकी करावयाची. फेरी झाली कीं चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानीं पळावयाचें. मग रक्त तपासणीच्या खिडकीपुढें रांग, तेथून दुसऱ्या मजल्यावर कागद, तेथून पुन्हां रांग. अक्षर वाचतां येत नाहीं म्हणून प्रत्येक दारापुढें कोणाला तरी विचारावयाचें. पास एकच, म्हणून खालीं कोणी भेटावयास आलें तरी आजाऱ्याला सोडून जाण्याची पंचाईत. दुपारीं डाळभात मिळाला तर आजाऱ्याचा उरलेला. नाहीं तर चहा आणि खारी. रात्रीं खाटेखालीं चादर पसरून डोळा लागतो न लागतो तोंच वरून खोकला, किंवा शेजारच्या खाटेवर रडारड. स्नानाची सोय नाहीं, बायकांना अडचणीच्या दिवसांत तर सांगण्याचीहि सोय नाहीं. ह्या सर्वांत तिची स्वतःची मधुमेहाची गोळी घरींच राहिली होती. आणण्यास कोणाला सांगावें? घरीं सून, दोन नातवंडें आणि एक दुभती म्हैस. ती आधींच वेळेवर धार न काढल्यानें आटत चालली होती.

आम्ही चारहि खेपांस भेटीस गेलों. खाटेजवळ उभें राहून शास्त्रपाठ वाचला, आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि निघतांना त्या बाईंस म्हटलें, "मावशी, धन्य आहे तुमची. अशी सेवा कोण करतें!" हें वाक्य आम्हीं चारहि खेपांस उच्चारलें असावें. ती किंचित् हसे व पदर सांवरी. त्या हसण्याचा अर्थ आम्हांस चौथ्या खेपेनंतर महिन्यानें कळला, जेव्हां ती चुलीपुढें घेरी येऊन पडली. तपासतां तिची साखर फारच वाढलेली निघाली, आणि डाव्या पावलास एक जखम आढळली. इस्पितळांत लोखंडी खाटेचा पाय लागून ती झाली होती. दोन महिने ती भरली नव्हती, आणि तिनें घरांत कोणाला दाखविली नव्हती. आम्हीं विचारलें, "मावशी, सांगितलें कां नाहीं?" ती म्हणाली, "तुम्ही समदे मला येवढी चांगली म्हणत व्हता, साहेब. मग माझं पाऊल दुखतंय म्हणून कोणत्या तोंडानं सांगूं?"

हें उत्तर आम्हीं पुष्कळ दिवस मनांतून काढूं शकलों नाहीं. आमची स्तुति तिला आधार देईल असें आम्हांस वाटलें होतें. तिनें तिचें तोंड बंद केलें होतें. जिला सर्व मंडळी आदर्श म्हणते तिला थकण्याची मुभा राहत नाहीं. उपदेशकांनीं ही गोष्ट विशेषेंकरून लक्षांत घ्यावी, कारण भेटीच्या अखेरीस दोन गोड शब्द बोलून निघण्याची संवय आम्हां सर्वांस आहे.

ही एका बाईची हकीकत झाली. परंतु तिच्या पायाच्या जखमेसारखीच एक गोष्ट शास्त्रज्ञांनीं मोजून पाहिली आहे. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत, घरांतील स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या, पण असा भार नसलेल्या १३ स्त्रिया निवडून प्रत्येकीच्या हातावर वैद्यकीय पद्धतीनें साडेतीन मिलिमीटरची एक लहानशी जखम करण्यांत आली. जिच्यावर भार नव्हता तिची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सेवा करणारीला ४८ हून अधिक दिवस लागले. हा शोध १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. सारांश, चिंता ही केवळ मनांत राहणारी वस्तु नव्हे. ती चामडींत उतरते. दीर्घकाळ ताण राहिला म्हणजे शरीर आपली डागडुजी करण्याचें काम मागें टाकतें. आमच्या मावशींच्या बाबतींत साखरेनें हें काम अधिकच बिघडविलें, हें उघड आहे. पण साखर तरी कां वाढली? गोळी चुकली, झोंप गेली, जेवण वेळीं-अवेळीं झालें, म्हणून.

दुसरा शोध ह्याहून मोठा आहे व अंतःकरणाला अधिक लागणारा आहे. अमेरिकेंतच ६५ वर्षांवरील ५,१८,२४० दांपत्यांची नऊ वर्षांची माहिती घेऊन, नवरा किंवा बायको इस्पितळांत दाखल झाल्यावर त्याच्या जोडीदाराचें काय होतें हें २००६ सालीं प्रसिद्ध करण्यांत आलें. जोडीदार दाखल झाल्यानंतर मागें राहिलेल्या माणसाच्या मरणाचा धोका वाढतो, आणि पहिल्या महिन्यांत तो विशेष वाढतो, असें त्यांत आढळलें. त्यांतहि एक बारकावा आहे. बायको आंतड्याच्या कर्करोगानें दाखल झाली असतां वर्षाच्या आंत शंभरांतील सुमारें ६.४ नवरे मरण पावले. बायको स्मृतिभ्रंशानें दाखल झाली असतां ८.६. म्हणजे जो रोग अधिक प्राणघातक तोच घरच्यांस अधिक घातक, असें नव्हे. ज्या दुखण्यांत माणूस जिवंत राहतो पण परस्वाधीन होतो, पुनःपुन्हां उठवावा, बसवावा, भरवावा, न्यावा-आणावा लागतो, तें दुखणें शेजारच्या माणसाला अधिक खातें. अमेरिकेंतील वृद्ध जोडपें बहुधा एकटें राहतें, आमच्याकडे सुना-पोरें असतात, असें कोणी म्हणेल. म्हणणें खरें आहे. परंतु वरील चौथ्या खेपेचा विचार करावा. एकत्र कुटुंब शिधापत्रिकेवर असतें. इस्पितळांत एकच बाई असते.

एक गोष्ट येथें स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर वाचकांचा गैरसमज होईल. आप्तांनीं आजाऱ्याजवळ राहूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या देशानें ह्या बाबतींत जगाला कांहीं शिकविलें आहे. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर विद्यासागर ह्यांनीं रुग्णांच्या नातेवाइकांस आवारांत तंबू ठोकून राहूं दिलें. ज्या काळीं वेड्या माणसाला भिंतीआड टाकून घरचे विसरून जात, त्या काळीं तेथें घरचीं माणसें रुग्णाजवळ राहून दुखणें समजून घेऊं लागलीं, आणि रुग्ण आपल्या घरीं परत जाऊं लागले. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्यकेंद्रांतहि कुटुंबानें रुग्णाबरोबर राहावें अशीच पद्धति चालत आली आहे. तेव्हां जवळ असणें हें औषधच आहे. प्रश्न इतकाच कीं, हें औषध ज्या माणसाच्या देहांतून काढलें जातें त्याला कोण भरून देतो.

आतां मनाविषयीं. मावशींची साखर उतरल्यावर एके दिवशीं आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलों होतों. आम्हीं सहज म्हटलें, "घरीं आल्यावर जरा सुटका झाल्यासारखें वाटलें असेल." त्या म्हणाल्या, "नाहीं साहेब. घरीं जास्त भ्या वाटतं. तिथं निदान नर्सबाई असती." मग त्यांनीं सांगितलें कीं रात्रीं तीन-चार वेळां उठून त्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून पाहतात. खोकला जरा निराळा वाटला कीं चादर व कागदांची पिशवी दाराशीं आणून ठेवतात. कोणाचाहि फोन रात्रीं वाजला तर अंगाला कांपरें सुटतें. इस्पितळांतील यंत्राचा टूंटूं आवाज दिवसा चूल पेटवितांनाहि कानांत येतो.

हें वेड नव्हे. फ्रान्स देशांतील २१ अतिदक्षता विभागांतून आजाऱ्यांच्या २८४ आप्तांस तीन महिन्यांनंतर विचारण्यांत आलें, तेव्हां त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश माणसांत अशींच लक्षणें आढळलीं : दचकणें, तींच दृश्यें पुन्हां दिसणें, झोंप उडणें. हा शोध २००५ सालचा. युद्धांतून किंवा भूकंपांतून वांचलेल्यांस जें होतें तशा जातीचें हें आहे. आणि पुढें जें आढळलें तें आमच्या कामाचें आहे. आपल्याला दुखण्याची पुरी माहिती दिली गेली नाहीं असें ज्यांना वाटत होतें, त्यांच्यांत हें प्रमाण जवळजवळ निम्मे होतें. म्हणजे न कळणें हेंच भीतीचें मोठें घर आहे. "काय झालें आहे, पुढें काय होऊं शकतें, आणि कोणत्या खुणेवर धांवावें" एवढें कळलेलें माणूस पुष्कळ निश्चिंत निजतें.

त्याच दिवशीं मावशींनीं आणखी एक गोष्ट सांगितली. ती त्यांच्या परवानगीनेंच येथें लिहितों, कारण त्यांनीं म्हटलें कीं दुसऱ्या कोणा बाईला उपयोगी पडेल. चौथ्या खेपेस, सातव्या किंवा आठव्या रात्रीं, त्यांच्या मनांत आलें कीं हें एकदांचें संपावें. क्षणभर आलें आणि गेलें. त्यानंतर प्रत्येक प्रार्थनेच्या वेळीं त्या मान खालीं घालून बसत, कारण आपण मनानें नवऱ्याचा घात केला असें त्यांस वाटे. चाळीस वर्षें ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्याविषयीं असें मनांत यावें, म्हणून त्यांनीं पवित्र भोजनाहि दोनदां चुकविलें होतें. आमच्या ध्यानांत तें आलें नव्हतें! कदाचित् कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं त्यांस पश्चात्तापावर चार शब्द सांगितले असते. त्या दिवशीं सांगितले नाहींत. ज्या माणसाला आठ रात्री झोंप नाहीं त्याच्या मनांत येणारा विचार हा त्याच्या अंतःकरणाचा निवाडा नव्हे. तें थकलेल्या देहाचें कण्हणें आहे. त्यांस संपावेंसें वाटलें तें नवऱ्याचें आयुष्य नव्हे, तर त्याचे हाल आणि आपलें जागरण. अशा विचारानें कोणी खचलें असेल तर उपदेशकानें दचकूं नये, कपाळाला आंठ्या घालूं नयेत, व दुसऱ्याजवळ बोलूं नये.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट आम्हीं किती वेळां शिकविली आहे! तो रतामाच्या झुडपाखालीं बसून मरण मागतो. त्याचें उत्तर म्हणून देवाकडून प्रथम काय येतें, ह्याकडे आम्हीं कधीं नीट पाहिलें नव्हतें. उपदेश येत नाहीं, दोष येत नाहीं. झोंप येते, मग भाकर व पाणी येतें, मग पुन्हां झोंप, आणि पुन्हां भाकर. होरेबाचा डोंगर व ती मंद वाणी पुष्कळ दिवसांच्या चालीनंतर आहे. धर्मशिक्षणशाळेंत आम्हांस ह्या अध्यायावर तीन मुद्द्यांचें प्रवचन रचण्यास शिकविलें होतें. भाकरीचा मुद्दा त्यांत नव्हता, किंवा असला तर आम्ही विसरलों.

तेव्हां मंडळीनें करावें काय? सर्वांत आधीं, भेटीस जाणारानें खाटेवरील माणसाशीं बोलून झाल्यावर उशाशीं बसलेल्या माणसाला निराळें बाजूला घेऊन तीन गोष्टी विचाराव्या : आज जेवलां कां, काल रात्रीं किती वेळ निजलां, आणि तुमची स्वतःची गोळी चालू आहे कां. "कांहीं मदत लागली तर सांगा" असें म्हणूं नये. कोणी सांगत नाहीं. "मंगळवारीं रात्रीं मी बसतों, तुम्ही घरीं जा" असें म्हणावें, आणि मंगळवारीं जावें. प्रार्थनेला पांच मिनिटें लागतात. रात्रीला दहा तास लागतात. आम्हांस दोन्हींची गरज आहे, परंतु दुसऱ्याचा दुष्काळ अधिक आहे. स्त्रियांच्या कक्षांत रात्रीं पुरुषांस राहूं देत नाहींत, म्हणून स्त्रियांच्या सभेनें ह्या पाळ्यांचा विचार आधींच करून ठेवावा. ऐन वेळीं धांवाधांव होते. दिवसाची पाळीहि कमी नव्हे. एखादा वाचतां येणारा तरुण दोन तास चिठ्ठ्या व रांगा संभाळील, तर बाईला तेवढ्या वेळांत स्नान करून डोळा मिटतां येतो.

डबा पहिल्या आठवड्यांत पुष्कळ येतो. तिसऱ्यांत येत नाहीं. जो पहिल्या आठवड्यांत देणार त्यानें पाहिजे तर थांबून तिसऱ्यांत द्यावा. घरीं राहिलेल्यांकडेहि पाहावें. आजोबा इस्पितळांत असले म्हणजे शाळा कोणाची बुडते? बहुतेक मुलीचीच. गुरें कोण पाहतो, धार कोण काढतो? दुभतें जनावर आटलें म्हणजे घराचा रोजचा पैसा आटतो. सरकारी योजनांतून उपचारांचा पुष्कळ भार हलका झाला आहे, त्यासाठीं शिधापत्रिका व आधारपत्र वेळींच जवळ ठेवावें. पण बुडालेली मजुरी, जाण्यायेण्याचें भाडें व चहापाणी हें कोणत्याहि बिलांत लिहिलेलें नसतें. तें मंडळीच्या पंचांनीं न मागतां विचारांत घ्यावें. ज्यांस कर्करोगाच्या उपचारासाठीं मुंबईस परळला जावें लागतें त्यांनीं पदपथावर पथारी पसरण्यापूर्वीं दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेंत चौकशी करावी. रुग्ण व त्यांचे सोबती ह्यांच्यासाठीं ती आहे. इस्पितळांतील समाजसेवा-कक्षांतहि अशा जागांची माहिती मिळते. आमच्यापैकीं पुष्कळांस असा कक्ष असतो हेंच ठाऊक नसतें.

पुरुष उशाशीं बसला असेल तर त्याच्याविषयीं आणखी सावध असावें. बाई रडते तरी. बापा-भावांस रडण्याचीहि चोरी. ते इस्पितळाच्या फाटकाबाहेर उभे राहून तंबाखू मळतात, आणि कोणी विचारलें तर "ठीक आहे" म्हणतात. घरीं आल्यावर ते चिडखोर होतात, किंवा एखादा बाटलीकडे वळतो, आणि मग आम्ही त्यांस शिस्तीखालीं आणतों!

घरीं परतल्यावर पंधरा दिवसांनीं पुन्हां जावें. त्या वेळीं कोणी जात नाहीं. जर सेवा करणारें माणूस दोन आठवडे नीट निजत नसेल, जेवण टाकीत असेल, वारंवार रडत असेल, किंवा जीव नकोसा झाला असें बोलत असेल, तर केवळ धीर देऊन थांबूं नये; डॉक्टरांकडे न्यावें. १४४१६ ह्या क्रमांकावर "टेलि-मानस" नांवाची सरकारी सेवा २०२२ सालापासून आहे. तेथें केव्हांहि फुकट बोलतां येतें, मराठींतहि बोलतां येतें. आम्हीं स्वतः एका तरुणाला आपल्या फोनवरून तो लावून देऊन अंगणांत जाऊन बसलों आहों.

माहितीच्या अभावानें भीति वाढते असें वर म्हटलें, त्याचा उपाय साधा आहे. घरीं सोडतांना उपदेशकानें किंवा शिकलेल्या एखाद्या मुलीनें बरोबर जावें, आणि डॉक्टरांस विचारून तीन गोष्टी मराठींत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्याव्या : कोणती गोळी केव्हां, काय खाऊं नये, आणि कोणतें लक्षण दिसलें तर थांबूं नये. डॉक्टर घाईंत असतात. म्हणून प्रश्न आधींच कागदावर लिहून न्यावे, म्हणजे तेहि आनंदानें उत्तर देतात असा आमचा अनुभव आहे.

मावशींच्या बाबतींत आम्हीं असेंच केलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं अशा हृदयाच्या दुखण्यांत रोज सकाळीं शौचास जाऊन आल्यावर, कांहीं खाण्यापूर्वीं, वजन करावें. तीन दिवसांत दोन किलो वाढलें तर अंगांत पाणी सांठूं लागलें असें समजून, दम लागण्याची वाट न पाहतां, दाखवावयास यावें. मंडळीच्या निधींतून एक वजनाचा कांटा घेतला. मावशींस अक्षर वाचतां येत नाहीं, पण आंकडे येतात. बाजार केलेल्या कोणाहि बाईला येतात. नातीनें एका जुन्या वहीला दोरी बांधून ती दारामागील खुंटीला टांगली, आणि रोजचा आंकडा त्यांत मांडूं लागली. ५४, ५४, साडेत्रेपन्न, ५४. दहा-बारा दिवसांनीं आम्हीं विचारलें, "रात्रीं उठतां कां अजून?" त्या म्हणाल्या, "एकदां उठत्ये. मग वही आठवती, अन् निजते."

श्रावणांत एके सकाळीं नातीचा फोन आला कीं आंकडा ५६ झाला आहे व आजी म्हणते काय करावें. त्या दिवशीं ते नवरा-बायको रात्रीं दोन वाजतां नव्हे तर सकाळीं नवाच्या एस्. टी. गाडीनें गेले, आणि पुतण्या बरोबर होता. पांचवी खेप चार दिवसांची झाली. पहिल्या रात्रीं पुतण्या बसला, दुसऱ्या रात्रीं आमच्या तरुणसंघांतील एकजण, तिसऱ्या रात्रीं आम्ही. मावशी दिवसा येत, सायंकाळच्या गाडीनें घरीं जात, धार काढीत, आपली गोळी घेऊन निजत. आम्ही बसलों त्या रात्रीं काकांनीं पहांटे डोळे उघडून खाटेजवळ आम्हांस पाहिलें, व जरा दचकून विचारलें, "ती कुठं हाय?" आम्हीं सांगितलें, "घरीं निजल्या आहेत." ते म्हणाले, "बरं झालं," आणि कुशीवर वळले.